तिने मुकादमाचं काम केलं

(रत्नागिरी येथे मंडळीच्या सभेत उन्हाळी नाट्यशिबिराविषयी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेब, महिला मंडळाच्या भगिनी, तरुण संघातले मित्र आणि आपल्या आदिवासी कार्याला वर्षानुवर्षं हातभार लावणारे प्रियजन हो,

आपल्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बंधूंनी मला मध्यंतरी एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "ताई, वाडीत प्यायला पाणी नाही, पोरांच्या पायात चप्पल नाही, आणि तुम्ही उन्हाळ्यात नाटक कसलं बसवता?" प्रश्न रास्त आहे. तुम्ही दानपेटीत टाकलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागायचा तुम्हाला हक्क आहे. म्हणून आज मी शिबिराचा अहवाल वाचणार नाही. त्या एका प्रश्नाचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे.

ज्यांच्या मुलांविषयी आपण बोलतोय, त्यांची आधी थोडी ओळख. आपल्या जिल्ह्यात मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण या भागांत कातकरी वाड्या आहेत. गावाच्या कडेला, ओढ्यालगत, बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जमिनीवर. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. जंगलावर निर्बंध आले, तो धंदा गेला, पण नाव मागे राहिलं. महाराष्ट्रात तीन जमाती विशेष असुरक्षित मानल्या जातात: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. त्यांतली एक आपल्या दाराशी राहते. आपण करवंदं आणि रानभाज्या त्यांच्याकडून घेतो, पण त्यांच्या मुलांची नावं आपल्याला ठाऊक नसतात.

या कुटुंबांचं वर्ष आपल्या वर्षासारखं नसतं. पावसाळ्यात हाताला काम कमी आणि घरात धान्य कमी. त्या दिवसांत मुकादम येतो आणि उचल देतो. उचल म्हणजे आगाऊ पैसे. ते घेतले की दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जायचं. तिथे आठवड्याला खर्चीपुरते पैसे मिळतात आणि शेवटचा हिशेब हंगाम संपल्यावर होतो. पाऊस तोंडावर आला की माणसं परत येतात. कितीदा असं होतं की सहा महिने राबूनही उचल फिटलेली नसते, आणि पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावं लागतं. वेठबिगारी बंद करणारा कायदा देशात 1976 साली झाला. पण वही ज्याच्या हातात, हिशेब त्याचा, हे काही कायद्याने आपोआप बदललं नाही.

आईबाप जातात तेव्हा मुलंही जातात. धाकट्याला सांभाळायला थोरली लागते. शाळेच्या हजेरीपटावर नाव असतं आणि मूल भट्टीवर असतं. काही मुलं आश्रमशाळेत राहतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत वाडीवर येतात. म्हणजे भट्टीवरची आणि आश्रमशाळेतली, दोन्हीकडची मुलं एकत्र सापडायची ती मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या आधीच्या थोड्याशा दिवसांत. आपलं शिबिर त्या दिवसांत का असतं, याचं कारण एवढंच. आंबे उतरवायचं काम त्या वेळी चालू असतं, काजू आणि करवंदं गोळा करायची असतात, त्यामुळे शिबिराला आलेल्या मुलाची त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणून आपण दुपारी पोटभर जेवण देतो आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत मुलांना घरी पोचवतो.

आता नाटकाकडे येते.

नाटक ही कोकणाला काही नवी गोष्ट नाही. शिमग्यात गावोगाव नमन-खेळे होतात, संकासूर येतो, गवळणी येतात. जाखडीच्या नाचाला अंगणं भरतात. आपल्या रत्नागिरीत नाटकाच्या स्पर्धा लागल्या की लोक घरचं काम टाकून जातात. मुलांच्या नाटकालाही मराठीत मोठी परंपरा आहे. सुधाताई करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचं शिक्षण घेऊन आल्या आणि त्यांनी 1959 साली 'मधुमंजिरी' हे नाटक रंगमंचावर आणलं. ते लिहिलं होतं रत्नाकर मतकरींनी. पुढे मतकरींनी 1962 मध्ये स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली आणि वर्षानुवर्षं पदरमोड करून चालवली. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या'तली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण आजच्या आजीआजोबांना आठवत असेल. त्यांच्या नातवंडांनी तीच चेटकीण वैभव मांगले यांच्या रूपात पाहिली.

राजा, राक्षस, परी, चेटकीण ही सगळी मुलांची हक्काची माणसं आहेत आणि मला ती फार आवडतात. पण मुलांच्या नाटकाला दुसरीही एक वाट आहे. बर्लिन शहरात ग्रिप्स नावाचं एक नाट्यगृह आहे. तिथे राजा आणि परी बाजूला ठेवून मुलांच्या रोजच्या जगण्यावर नाटकं होऊ लागली. घरातली भांडणं, मोठ्यांचा अन्याय, मुलांची भीती आणि त्यातून मुलांनी काढलेली वाट, असे त्यांचे विषय. डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने ती चळवळ 1986 मध्ये पुण्यात आली आणि 'छान छोटे वाईट्ट मोठे' हे नाटक मराठीत झालं. आणि आयुष्यभर परीकथा लिहिलेल्या मतकरींनी उतारवयात ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. समता विचार प्रसारक संस्था त्यांच्या सोबत होती. तिथे मुलांच्या हातात तयार संहिता दिली जात नव्हती. तुमच्या वस्तीत काय घडतं ते तुम्हीच सांगा, तुम्हीच रचा आणि तुम्हीच करा, असं होतं. 17 मे 2020 रोजी मतकरी गेले. पण मुलांच्या नाटकाला त्यांनी लावलेलं हे वळण माझ्यासारखीला आजही वाट दाखवतं.

आपल्या जिल्ह्यातलंच एक उदाहरण देते. साने गुरुजी पालगडचे. दापोलीच्या मिशनच्या शाळेत ते शिकले, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. आचार्य अत्र्यांनी 1953 साली 'श्यामची आई' चित्रपट काढला, त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्यात श्यामचं काम केलं माधव वझे या पुण्याच्या मुलाने. इतकं मनापासून केलं की महाराष्ट्राला श्याम म्हटलं की तोच चेहरा आठवतो. पालगडच्या मुलाचं काम पुण्याच्या मुलाने केलं आणि उत्तम केलं, यात काहीच वावगं नाही. पण कातकरी मुलाचं काम कातकरी मुलानेच केलेलं आपण कितीदा पाहिलं आहे? शाळेच्या स्नेहसंमेलनात आदिवासी नाच असतो. अंगाला पानं बांधलेली, तोंडाला काळं फासलेली मुलं असतात. ती बहुधा शहरातली असतात. खरं कातकरी मूल त्याच संमेलनात पडदा ओढायला नाही तर झाड होऊन उभं राहायला असतं. झाडाला बोलायचं नसतं.

म्हणून या वर्षी आम्ही ठरवलं की झाडालासुद्धा एक वाक्य असेल.

पहिले दोन दिवस कोणी काही पाठ केलं नाही. नुसते खेळ. मुलांना सांगितलं, तुम्हाला ज्याचं बोलणं हुबेहूब करता येतं त्याचं करून दाखवा. कोणी बसकंडक्टर झालं, कोणी बाजारातली मासेवाली. एका मुलाने शाळेतल्या गुरुजींची नक्कल केली आणि मग घाबरून माझ्याकडे पाहिलं. सहावीतली एक मुलगी गप्प बसली होती. तिचं नाव मी इथे सांगणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. तिची पाळी आली तेव्हा ती उठली, ओढणी खांद्यावर उपरण्यासारखी टाकली, वहीचा पुठ्ठा काखेत मारला आणि म्हणाली, "चला, चला, माल मोजून घेऊ." एका क्षणात वाडीतली सगळी मुलं हसायला लागली. शहरातून आलेल्या मुलांना कळेना की हा कोण. वाडीतल्या मुलांनी एकदम सांगितलं, "मुकादम!"

आणि आम्हाला नाटक सापडलं.

नाटक अवघं वीस-पंचवीस मिनिटांचं. ते मुलांनीच बोलून बोलून रचलं, आम्ही फक्त लिहून घेतलं. वाडीतली माणसं आपसात बोलतात ते प्रवेश त्यांच्या कातकरी बोलीत राहिले आणि मुकादम आला की मराठी सुरू व्हायची. हेही मुलांनीच ठरवलं. मी विचारलं, असं का? एक मुलगा म्हणाला, "तसंच असतं ना." पुठ्ठ्याची वही, पोत्याचे सदरे, खडूने आखलेली भट्टी आणि विटा म्हणून रिकामी खोकी. आपल्या शब्बाथ शाळेतल्या चार मुलांनीही काम केलं. त्यांना कातकरी बोलीतली वाक्यं पाठ करायची होती. चुकलं की वाडीतली मुलं त्यांना सुधारत होती. शाळेत रोज जे घडतं त्याच्या नेमकं उलट. आपल्या मुलांची तेव्हा जी तारांबळ उडाली, ती त्यांच्या आईबापांनी पाहायला हवी होती.

त्या मुलीचा मुख्य प्रवेश हिशेबाचा होता. हंगाम संपलाय, पाऊस यायला झालाय, नवराबायको पैसे मागायला उभे आहेत. मुकादम वही उघडतो. बोटाला थुंकी लावून पान उलटतो. इतक्या हजार विटा पाडल्या, त्यातल्या अवकाळी पावसात भिजलेल्या वजा, मोडलेल्या वजा, दुखणं आलं तेव्हाच्या गोळ्या वजा, खर्ची वजा, उचल वजा. प्रत्येक 'वजा'ला ती हवेत एक रेघ मारायची. तिचा आवाज चढत नव्हता. मुकादम ओरडत नाही, तो समजावून सांगतो, हे तिने बरोबर हेरलं होतं. शेवटी वही मिटून ती म्हणायची, "काही निघत नाही रे बाबा. उलट तूच देणं लागतोस. पण मी काय परका आहे? दिवाळीनंतर या."

पहिल्या दोन 'वजा'ला अंगणात बसलेले प्रेक्षक हसले. तिसऱ्याला थोडे हसले. शेवटी कोणी हसलं नाही. वाडीतली पुरुषमाणसं मागच्या बाजूला उकिडवी बसली होती. कोणी विडीसुद्धा पेटवली नाही.

मग धाकट्या बहिणीचं काम करणारी मुलगी पुढे येते आणि म्हणते, "वही दाखवा. मला वाचता येतं." मुकादम वही मागे लपवतो. तिथे नाटक संपतं. वही सापडते की नाही, पैसे मिळतात की नाही, मुलांनी काही दाखवलं नाही. आम्ही मोठ्यांनी सुचवलं होतं की शेवट जरा चांगला करू या. मुलांनी ऐकलं नाही. ती मुलगी म्हणाली, "मग खोटं होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील आले. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद होता. भट्टीवरून आणलेला, त्यांच्याच हिशेबाचा. तो त्यांनी माझ्याकडे दिला नाही. मुलीकडे दिला आणि म्हणाले, "हे काय लिवलंय ते बघ." ती ओसरीवर बसून एकेक ओळ वाचत गेली. दोन ठिकाणी बेरीज जमेना. तिने ती खडूने जमिनीवर पुन्हा केली. मी तिथे उभी होते, पण मला काहीच करायचं नव्हतं.

त्या वडीलधाऱ्या बंधूंना माझं उत्तर हे आहे. पाणी हवंच, चप्पलही हवी. त्यासाठी आपण झटतोच. पण पाण्याचा अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत गेलेल्या माणसाला समोरच्या खुर्चीकडे बघून बोलता यायला हवं. जातीचा दाखला, जन्माचा दाखला, जॉबकार्ड, या सगळ्यासाठी कोणासमोर तरी उभं राहून बोलावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गप्प बसायची सवय लावली गेली, त्यांच्या मुलीने दीडशे माणसांपुढे उभं राहून, न अडखळता, तिला गप्प करणाऱ्या माणसाचं सोंग वठवलं. ज्याचं सोंग आपल्याला आणता येतं, त्याची भीती थोडी कमी होते. नाटकातून याहून मोठं काही मिळतं असा माझा दावा नाही. पण एवढं नक्की मिळतं, आणि ते पैशाने विकत आणून वाटता येत नाही.

शुभवर्तमानात एक लहानशी जागा आहे, तिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. प्रभू आपल्या पिढीची तुलना बाजारात बसून खेळणाऱ्या मुलांशी करतो. ती मुलं लग्नाचा खेळ मांडतात, मर्तिकाचा खेळ मांडतात, आणि सोबती खेळत नाहीत म्हणून तक्रार करतात. मला नेहमी वाटतं, हा दृष्टांत सुचायला कोणीतरी बाजारातल्या त्या मुलांकडे थांबून पाहिलेलं असलं पाहिजे. ती कसला खेळ खेळतात, काय बोलतात, हे कान देऊन ऐकलेलं असलं पाहिजे. आणि शिष्यांमध्ये मोठा कोण असा वाद पडला, तेव्हा त्याने एका लेकराला मध्ये उभं केलं. कडेला नाही, मध्ये. त्या लेकराकडून आभाराचं भाषण करून घेतलं नाही.

म्हणून तुमच्याकडे माझी तीन मागणी आहेत.

पहिली. पुढच्या वर्षी नाटक पाहायला या, पण आपल्या नातवंडाचं नाटक पाहायला जाता तसे या. "आदिवासी असून किती छान बोलली" असं म्हणू नका. नुसतं "छान बोलली" म्हणा. आवडलं नाही तर तसंही सांगा. मुलांना ते कळतं आणि चालतं.

दुसरी. अनेकांनी मला सांगितलं की त्या मुलीचा फोटो या वार्तापत्रात छापा, लोकांच्या मनाला भिडेल, मदत वाढेल. मदत वाढेल हे खरं आहे. तरी मी संपादकांना विनंती केली आहे की तिचं नाव, वाडीचं नाव आणि फोटो यांतलं काहीही छापू नये. तिने मुकादमाचं सोंग घेतलं आहे. खरा मुकादम याच जिल्ह्यात फिरतो आणि दिवाळीनंतर तिच्या घरी पुन्हा येईल. शिवाय तिने ते काम वाडीसाठी केलं होतं, आपल्या देणगीसाठी नाही. कार्यक्रमाच्या शेवटी मुलांना ओळीने उभं करून देणगीदारांचे आभार मानायला लावण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. आपल्या शिबिरात ती नसेल. आभार मानायचेच तर ते मी मानते, आत्ता, मनापासून.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची. नाटक पंचवीस मिनिटांत संपलं. तिचं वर्ष संपलेलं नाही. दिवाळी आली की त्या घरात ठरेल की मुलगी भट्टीवर जाणार की शाळेत राहणार. तिच्या आजीची तिला ठेवून घ्यायची तयारी आहे, पण आजीलाच धान्य पुरत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शासनाने शिक्षण हमी कार्डाची सोय केली आहे. ते कार्ड असेल तर मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येतं. पण ते कार्ड भरून घ्यायला, त्या शाळेत फोन करायला, मूल खरंच वर्गात बसलं का हे पाहायला माणूस लागतो. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, कचेरीत नोकरी केलेले आहेत, ज्यांना कागद कळतात असे पुष्कळ आहेत. महिन्यातून दोन शनिवार द्या. एखाद्या आजीच्या घरी सहा महिन्यांचे तांदूळ पोचवण्याची जबाबदारी दोन-तीन कुटुंबांनी मिळून घ्या. आणि ज्यांना जमेल त्यांनी हंगामाच्या शेवटी, मे महिन्यात, वाडीत येऊन बसा. हिशेबाचे कागद वाचायला मदत लागते. वाचून दाखवणारं मूल तयार झालं आहे, त्याच्या शेजारी उभं राहणारं मोठं माणूस हवं आहे.

मुलांनी नाटकाचा शेवट मोकळा ठेवला, कारण त्यांना खोटं सांगायचं नव्हतं. दिवाळीला अजून थोडे महिने आहेत. नोंदवही बाहेर टेबलावर ठेवली आहे. ज्यांना शनिवार देता येतील त्यांनी कृपा करून जाताना त्यात आपलं नाव लिहावं.

देव आपणां सर्वांचं भलं करो.